भंडारदऱ्याचा फेरा, एकट्याने

सायकल आणि कातळ एकाच दिवसात जोडायचे, तेही एकट्याने, तर सगळ्यांत आधी पायांचा हिशेब मांडावा लागतो. सकाळी चढावर पॅडल मारणारे, दुपारी शिडीवरून उतरताना थरथरणारे आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत मुक्कामाला आणणारे पाय तेच असतात. गडावर जरा जास्त रेंगाळलं, पाणी जरा कमी प्यायलं, की त्याची वसुली शेवटच्या पंधरा किलोमीटरांत होते. तेव्हा वारा अडवायला पुढे कुणी नसतं आणि "अजून थोडंच राहिलंय" म्हणायला मागेही कुणी नसतं.

हा हिशेब शिकायला भंडारदऱ्याच्या जलाशयाएवढी चांगली जागा सह्याद्रीत दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचा हा पश्चिम टोकाचा कोपरा. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि थोडं अंतर वाहते न वाहते तोच विल्सन धरणाच्या दगडी भिंतीशी अडते. धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली पुरं झालं. भिंत सुमारे ८२ मीटर उंच, साठा ११ टीएमसीच्या घरात. सरकारी कागदांत तलावाचं नाव आर्थर हिल लेक, लोकांच्या तोंडी मात्र नुसतं भंडारदरा. पाणी पश्चिमेला पसरत जातं आणि हाताच्या बोटांसारखं प्रत्येक ओढ्याच्या दरीत आत शिरतं. या बोटांना वळसे घालत रस्ता जातो: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत आणि परत शेंडी. सगळा फेरा साधारण ४५ किलोमीटरांचा, आणि मधे रतनवाडीला सायकल ठेवून लोखंडी शिड्यांनी रतनगड चढायचा. मधे घाटघरला आणखी एक तळं भेटतं, आणि कड्यावरून खाली वाकून पाहिलं तर कोकणातलं तिसरंही दिसतं.

४५ किलोमीटर ऐकून सायकलवाले नाक मुरडतात. पण तलावाकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता ही समजूत इथे पहिल्या तासातच मोडते. पाण्याच्या प्रत्येक बोटाशी रस्ता मोरीपर्यंत उतरतो आणि लगेच पलीकडे चढतो. यातला एकही चढ लांब नाही, पण एकामागून एक येतच राहतात, आणि प्रत्येकाच्या तळाशी वळण असल्यामुळे उताराचा वेग पुढच्या चढाला उपयोगी पडत नाही. वळणावर ब्रेक दाबावा लागतो आणि चढ शून्यातून सुरू होतो. चढांची बेरीज कागदावर फारशी वाटत नाही, मांड्यांना मात्र ती बरोबर कळते.

फेरा कुठल्या दिशेने घ्यायचा, याबद्दल माझं मत ठाम आहे. शेंडीहून निघावं आणि तलाव उजव्या हाताला ठेवून दक्षिण काठाने रतनवाडी गाठावी. त्याची तीन कारणं आहेत. रतनवाडी या बाजूने १८-२० किलोमीटरांवर आहे, म्हणजे निम्म्याहून कमी सायकल झालेली असताना, पाय ताजे असताना गड लागतो. उलट्या दिशेने गेलं तर घाटघरचा सगळा वळसा पायांत घेऊन शिडीखाली उभं राहावं लागतं. दुसरं कारण वाऱ्याचं. हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो. दुपारनंतर कोकणाकडून कड्यावर चढून येणारा वारा सुटतो, आणि घाटघरहून शेंडीकडे पूर्वेला निघालेल्या सायकलला तो पाठीमागून मिळतो. तिसरं आणि एकट्यासाठी सगळ्यांत मोठं कारण म्हणजे रतनवाडीला उशीर झालाच, तर आल्या रस्त्याने परत फिरता येतं. तो रस्ता सकाळीच पाहिलेला असतो, कुठल्या वळणावर खडी आहे ते माहीत असतं.

ऋतू नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची अखेर. पावसाळ्यात हा भाग वेड लावतो हे खरं. पण घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. त्या दिवसांत रतनगडाच्या वाटेवरचा ओढा तासाभरात फुगतो, कातळावर शेवाळ धरतं, शिडीच्या पायऱ्या निसरड्या होतात. चौघांच्या गटाला दोर लावून निभावता येईल असा टप्पा एकट्याने पावसात करू नये. मार्चनंतर उलटी अडचण होते. ओढे आटतात, गडावरच्या टाक्यांतलं पाणी खाली जातं आणि अकराच्या पुढे कातळाला हात लाववत नाही.

वार कुठला निवडायचा, हेही सांगायला हवं. एकटं जायचं म्हटलं की लोक मधला वार काढतात, गर्दी नको म्हणून. मला हे पटत नाही. रविवारी शिडीवर रांग लागते, तो टाळावाच. पण मंगळवारी गडावर चिटपाखरू नसतं, आणि घोटा मुरगळला तर शिट्टी ऐकायलाही कुणी नसतं. शनिवारची सकाळ एकट्यासाठी उत्तम. मुंबई-पुण्याहून रात्री निघालेले गट दहाच्या सुमारास वाटेवर असतात. तुम्ही त्यांच्या पुढे असता, पण हाकेच्या अंतरात माणूस असतो.

आता सायकल. माउंटन बाइक असलीच पाहिजे असं नाही, पण २५ मिमीच्या टायरांची रोड बाइक इथे आणू नये. रस्ता डांबरी असला तरी पावसाळ्यानंतर जागोजागी उखडलेला असतो आणि वळणांवर बारीक खडी साचते. ७०० बाय ३८ चा हायब्रिड टायर या रस्त्याला नेमका बसतो. ७०-७५ किलो वजनाच्या माणसाने त्यात मागे ५० आणि पुढे ४५ पीएसआय हवा ठेवावी. २.१ इंची टायर असेल तर ३० च्या आसपास पुरे. शहरात ठेवतो तशी टम्म हवा भरली की खडीवर चाक उड्या मारतं आणि पकड सुटते. फारच कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेपून साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात.

गिअरचा साधा नियम असा की सगळ्यांत हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका असावा. पुढे ३२ दातांची आणि मागे ३४ दातांची चकती असली की काम झालं. गडाच्या आधीच्या २० किलोमीटरांत एकदाही उभं राहून पॅडल मारायचं नाही, अशी शपथच घालून घ्यावी. बसून, हलक्या गिअरवर, मिनिटाला ८० च्या आसपास पाय फिरवत राहिलं की मांड्या राखल्या जातात. मुतखेलच्या पुढे एखादी मोटारसायकल भुर्रकन गेली की आपोआप जोर लावला जातो. तो लावू नये.

बूट हा या दिवसाचा सगळ्यांत नाजूक प्रश्न. क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणारी पट्टी तळाला असलेले बूट सायकलला चांगले, कातळावर धोक्याचे. तळाचा धातू बेसाल्टवर सरळ घसरतो. दोन जोड वाहून नेणं म्हणजे पाठीवर किलोभर ओझं. त्यापेक्षा सपाट पॅडल लावावेत आणि ट्रेकचेच बूट घालावेत. तळ चिवट रबराचा, खाचा खोल, आणि पुढचा भाग थोडा वाकणारा हवा, म्हणजे खोबणीत बोटं रुतवता येतात. पॅडलच्या टोकदार खिळ्यांनी मऊ रबर कुरतडलं जातं, म्हणून प्लास्टिकचे बोथट खिळे असलेले पॅडल बरे. नाडीचं टोक उजव्या बाजूला मोकळं सोडू नका. साखळीत ते अडकलं की चढावर सायकल जागच्या जागी आडवी होते.

दुरुस्तीच्या सामानात दोन ट्यूब, पॅचची डबी, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, साखळी तोडण्याची सोय असलेलं मल्टिटूल, साखळीची एक जोडकडी, चार केबल टाय आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा एवढं असावं. तो तुकडा टायरची बाजू फाटली तर आतून लावायला. शिवाय आपल्या फ्रेमला बसणारा डिरेलर हँगर, म्हणजे गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो कान. याला लोक विसरतात. सायकल उजव्या अंगावर पडली की हा मऊ धातूचा कान वाकतो, मग सगळ्यांत हलक्या गिअरवर डिरेलर आऱ्यांत घुसतो आणि खेळ खलास. म्हणून सायकल टेकवताना नेहमी साखळीची बाजू वर किंवा भिंतीपासून दूर. काट्यांचीही नोंद घ्या. शेतांना बोरी-बाभळीच्या फांद्यांची कुंपणं असतात आणि त्यातला काटा रस्त्यावर येतोच. पंक्चर काढल्यावर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवायचं. काटा तिथेच असेल तर दुसऱ्या ट्यूबचीही हवा पाच मिनिटांत जाते, आणि एकट्याजवळ तिसरी नसते.

निघायची वेळ उजाडता उजाडता. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास वर येतो आणि सहाच्या सुमारास बुडतो. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ साली ते जाहीर झालं. वाटेत वनखात्याचा नाका लागतो. नाका किती वाजता उघडतो हे आदल्या संध्याकाळी शेंडीत विचारून ठेवावं आणि प्रवेशाचे पैसे सुटे ठेवावेत. सव्वासहाला शेंडी सोडली तर आठपर्यंत रतनवाडी. या टप्प्यात हातमोजे आणि वाऱ्याचं पातळ जाकीट हवंच, कारण उतारांवर तलावाकडून येणारा गारठा बोटं बधिर करतो आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट कळत नाही.

या वेळी तलावाकडे बघावं. पाण्यावर वाफेचा पातळ थर असतो, पलीकडच्या काठावर कळसूबाईची रांग, आणि समोर वळणावळणाला रतनगड आपलं रूप बदलतो. आधी नुसता लांबट माथा दिसतो, मग बाजूचा खुटा सुळका सुटा होतो, आणि प्रकाश बरोबर असेल तर माथ्यालगत नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक दिसतं. ज्या भोकात तीनचार तासांनी बसायचं आहे ते इतक्या लांबून पाहणं हा या फेऱ्याचा खास आनंद आहे. गाडीतून येणाऱ्याला तो मिळत नाही, कारण गाडी त्या वळणावर थांबत नाही.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. शिलाहार घराण्यातल्या झंज राजाने नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक, अशी परंपरा सांगतात. शिखरावरचं कोरीवकाम आणि शेजारची कोनाड्यांनी वेढलेली पुष्करणी पाहायला अर्धा तास लागतो. तो परतल्यावर द्यावा, आत्ता नाही. आत्ता सायकल ठेवायची. देवळाच्या आवारात किंवा रस्त्याकडेला खांबाला बांधण्यापेक्षा एखाद्या घरी विचारावं: "मावशी, सायकल ओट्यापाशी ठेवू का? दोनअडीचपर्यंत येतो, जेवायलाही इथंच." जेवणाचं सांगितलं की दोन्ही कामं होतात. सायकलीवर लक्ष राहतं, आणि परतल्यावर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणि पिठलं तयार मिळतं. त्याचे पैसे रास्त आणि न घासता द्यावेत. दिवे, सायकल-कॉम्प्युटर, पंप काढून पिशवीत घ्या. पोरं चोरत नाहीत, पण बटणं दाबून पाहतात, आणि संध्याकाळी दिव्याची बॅटरी संपलेली निघते.

इथे दहा मिनिटं मोडायची. सायकलवर तास-दीड तास पाय पूर्ण सरळ होत नाहीत, कमरेचा पुढचा भाग आखडतो, पोटऱ्या घट्ट होतात. तसंच चढाला लागलं तर शिडीवर टाच खाली गेली की पोटरीत गोळा येतो. आधी सपाटीवर चालावं, पोटऱ्या आणि मांड्या ताणाव्यात, अर्धा लिटर पाणी प्यावं. गडासाठी पाणी तीन लिटर, त्यातल्या एका लिटरात ओआरएसची पुडी. पुडी एका लिटरची असेल तर पूर्ण लिटरातच घालावी. घाईत अर्ध्या लिटरात ओतली तर तहान वाढते आणि पोट ढवळतं. खायला खजूर, चिक्की, दशम्या. सगळं पिशवीच्या आत, चेन लावून. गडाच्या दारापाशी माकडं असतात आणि हातातली प्लास्टिकची पिशवी ती ओळखतात. शिडीवर माकडाशी ओढाताण करणं हा अपघाताचा अगदी सोपा रस्ता आहे.

वाट देवळापासून निघते आणि प्रवरेच्या पात्राला धरून जाते. पात्र दोनतीनदा ओलांडावं लागतं. हिवाळ्यात गोट्यांवरून कोरडे पाय नेता येतात, पण ओला गोटा आणि सुका गोटा यात फरक करायला डोळे लागतात. काळपट चकाकणाऱ्या गोट्यावर पाय देऊ नका, फिक्या राखाडीवर द्या. मग दाट झाडी लागते आणि चढ सुरू होतो. पुढे वाट फुटते. सरळ जाणारी कात्राबाईच्या खिंडीकडे, म्हणजे पुढे हरिश्चंद्रगडाकडे जाते. रतनगडाची वाट उजवीकडे. एकट्याने चुकायची हीच जागा, कारण सरळ वाटही ठळक आहे आणि चढत्या श्वासात डोकं खाली असतं. गटात कुणीतरी "अरे, इकडे" म्हणतं. एकट्याने तो फाटा आधीच नकाशात खूण करून ठेवावा आणि तिथे पोचल्यावर थांबून, वर बघून, मग वळावं. मोबाइलला रेंज भरवशाची नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेतलेला असावा आणि फोन विमान मोडवर ठेवावा. रेंज शोधत राहिलेला फोन दुपारपर्यंत मान टाकतो.

तलावाच्या पातळीपासून माथ्यापर्यंत साडेपाचशे मीटरांच्या आसपास चढ आहे. दोन तासांत शिडीखाली पोचलं तर वेग बरोबर आहे. अडीच तास लागले तरी चालेल. तीन लागले तर त्या दिवशी शिडी न चढता तिथूनच परत फिरावं, असं मी म्हणेन. पाय थकलेले आहेत एवढाच त्याचा अर्थ, आणि शिडी उतरायची अजून बाकी आहे.

दोन शिड्या आहेत, लोखंडी. चढण्याआधी खालचे बोल्ट आणि कठड्याचे जोड हाताने हलवून पाहावेत. शिडी हलते तेवढी हलू द्यायची, उचकटलेला जोड मात्र डोळ्यांनी दिसतो. एका वेळी एकच माणूस. पिशवीचे लोंबणारे पट्टे आत खोवायचे, छातीचा पट्टा लावायचा, चालायची काठी पिशवीला बांधायची. दोन शिड्यांच्या मधला आणि वरचा कातळटप्पा सोपा आहे, पण मोकळा आहे. डाव्या-उजव्या हाताला काही नाही. इथे जुना नियम पाळायचा: चार टेकूंपैकी तीन पक्के असल्याशिवाय चौथा हलवायचा नाही. दोन पाय एक हात, किंवा दोन हात एक पाय.

बेसाल्टचा स्वभाव कळला की कातळ बोलू लागतो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, म्हणून इथे पकडी आडव्या असतात आणि कड्याला पायऱ्यांसारखे ओठ असतात. घट्ट काळा थर विश्वासाचा. त्याच्या मधूनमधून येणारा, बारीक पोकळ्यांचा, तपकिरी किंवा तांबूस थर झिजरा असतो आणि त्यातला गोटा हातात येतो. पकड घेण्याआधी तळहाताने थाप मारायची. भरीव आवाज आला तर धरायची, पोकळ ठकठक आली तर सोडायची. आणि पकड खाली दाबायची, आपल्याकडे ओढायची नाही. ओठासारखा दगड दाबाला टिकतो, ओढला की निघतो. कोपऱ्यातल्या पोकळीत हात घालण्याआधी आत बघा. पांढरट सुईदार स्फटिक असतील तर तो झिओलाइट, सुंदर दिसतो आणि बोट कापतो.

गणेश दरवाजा, मग हनुमान दरवाजा ओलांडला की माथा. डावीउजवीकडच्या गुहा, टाकी, राणीचा हुडा नावाचा बुरूज हे सगळं पाहण्यासारखं आहे, पण एकट्याच्या दिवसात मी नेढ्याला आधी मान देते. नेढ्यापर्यंतचा शेवटचा चढ मुरमाड घसाऱ्याचा आणि थोड्या कातळाचा आहे. घसाऱ्यावर पाऊल आडवं टाकायचं आणि वजन टाचेऐवजी सगळ्या तळव्यावर ठेवायचं. नेढ्यात वारा इतका असतो की टोपी जाते, कागद जातो, आणि घामाने भिजलेला माणूस दोन मिनिटांत थंड पडतो. जाकीट आत शिरण्याआधीच घालायचं. कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळं असू शकतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा, मोठ्याने गाणी, यातलं काहीही नको. एकट्या माणसाला माशा लागल्या तर पळायलाही जागा नाही.

नेढ्यातून एका बाजूला तलाव आणि दुसऱ्या बाजूला कोकणाकडे तुटलेले कडे. अलंग, मदन, कुलंग, त्यांच्यामागे कळसूबाई, १६४६ मीटरांचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च टोक. दुसरीकडे आजोबा आणि कात्राबाई हे डोंगर. खाली सकाळचा रस्ता दिसतो, प्रत्येक वळसा, प्रत्येक मोरी. इथे मनात येतं ते पाण्याबद्दल. हे पाणी कालव्यांतून खाली उत्तर नगरच्या उसाला जातं, प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा सगळा डोलारा प्रवरेच्या पाण्यावर उभा राहिला. आणि काठावरच्या या वाड्यांना मे महिन्यात हंडे घेऊन चालावं लागतं. दरी बुडाली तेव्हा पलीकडच्या गावी सरळ जाणारी पायवाटही बुडाली. ज्या फेऱ्याचं आपण इतकं कौतुक करतो, तो इथल्या माणसांना रोज घालावा लागणारा वळसा आहे. सायकलवरून हे जसं कळतं तसं गाडीतून कळत नाही, कारण तो वळसा आपण स्वतःच्या पायांनी मोजलेला असतो.

परत फिरायची वेळ घरून निघतानाच ठरवायची आणि कागदावर लिहायची. माझ्या हिशेबाने सव्वाबारा. नेढं झालं असो वा नसो, त्र्यंबक दरवाजा पाहून झाला असो वा नसो. त्र्यंबक दरवाज्याच्या कोरलेल्या पायऱ्या फार मोहात पाडतात, त्या साम्रदच्या बाजूला उतरतात. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, काही तुटलेल्या. शिवाय सायकल रतनवाडीत आहे. तिकडून उतरलं तर साम्रदहून रतनवाडीपर्यंत डांबरी रस्त्याने पायपीट करावी लागते आणि उरलेली दुपार त्यात जाते. दारापर्यंत जावं, पाहावं, मागे फिरावं.

उतरणं हा दिवसाचा सगळ्यांत धोक्याचा भाग. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो, उतरताना तो ताणला जात असताना भार पेलतो, आणि त्यानेच तो लवकर थकतो आणि थरथरायला लागतो. कातळटप्प्यावर कड्याकडे तोंड करून उतरावं, शिडीवर तर नक्कीच. बसून घसरत उतरायची सवय वाईट. पाठीवरची पिशवी मागच्या दगडाला टेकते आणि माणूस पुढे ढकलला जातो. सायकलचं हेल्मेट गडावर घालावं का, असं बरेच जण विचारतात. ते पडण्याच्या आघातासाठी बनवलेलं असतं, वरून येणाऱ्या दगडासाठी नाही, आणि त्याच्या भोकांतून बारीक दगड आत येतो. तरीही सायकलबरोबर खाली ठेवण्यापेक्षा शिडीच्या टप्प्यात डोक्यावर असलेलं बरं, कारण तिथे डोकं आपटण्याची भीती जास्त. पण त्याच्या जिवावर दुसऱ्या गटाच्या खाली उभं राहू नये.

काही झालंच तर काय करायचं? घरच्या माणसाकडे एक कागद असावा. त्यावर मार्ग, सायकल कुठे ठेवणार त्या गावाचं नाव, परत फिरायची वेळ, आणि "रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवा" एवढं स्पष्ट लिहावं. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांचं बचाव समन्वय केंद्र आहे, त्याचा क्रमांकही त्याच कागदावर. शिट्टी गळ्यात, पिशवीत नाही. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. ही हाक जगभरचे डोंगरातले लोक ओळखतात.

अडीचपर्यंत रतनवाडी. पोटभर जेवायचं नाही, दीड भाकरी पुरे. तलावात पोहायचं नाही. पाणी उतरत जातं तसा काठाला गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पण पाण्यालगत पाय पोटरीपर्यंत रुततो, आणि त्याच्यापुढे तळ एकदम खोल जातो. बरोबर कुणी असतं तरी मी नको म्हटलं असतं, एकट्याला तर नाहीच. देवळाच्या सावलीत बसून बूट काढावेत, मोजे बदलावेत. ओल्या मोज्यांनी पुढचे २५ किलोमीटर केले की टाचेची कातडी सोलते. तीनच्या आत सायकलवर बसलेलं असावं. साडेतीन वाजले असतील तर घाटघर विसरायचं आणि आल्या वाटेने शेंडी.

साम्रदला सांधण दरीची पाटी दिसेल. दरीच्या तोंडापर्यंत जाऊन यायला वेळ असला तरी आत शिरू नका. पुढे दोर लावून उतरायचे टप्पे आहेत, ती एकट्याची जागा नाही. घाटघरचा चढ सगळ्या फेऱ्यात सर्वांत जाणवणारा, कारण तो गडानंतर येतो. इथे सकाळचा नियम पुन्हा: बसून, हलक्या गिअरवर. मांडीत गोळा यायला लागला तर थांबून चालत न्यावी, त्यात काहीच कमीपणा नाही. घाटघरचा जलाशय हा २५० मेगावॉटच्या वीजप्रकल्पाचा वरचा साठा. पाणी कड्यावरून खाली कोकणातल्या धरणात सोडतात आणि वीज स्वस्त असते त्या वेळी पंपाने परत वर चढवतात. कोकणकड्याच्या टोकावरून तो खालचा साठा दिसतो. एकच पाणी वर-खाली करत राहतं, ही कल्पना मला फार आवडते. कठड्याला सायकल टेकवू नका, वारा ती उडवतो. जमिनीवर आडवी ठेवा, साखळीची बाजू वर.

इथून शेंडीपर्यंत २० किलोमीटरांच्या आसपास, वारा पाठीला. उडदावणे, पांजरे, मुरशेत. रस्ता सकाळपेक्षा सोपा वाटतो, आणि म्हणूनच इथे अपघात होतात. उतार लागला की थकलेला माणूस ब्रेक सतत दाबून धरतो. डिस्क तापते, पॅड चकाकतात, किंचाळायला लागतात आणि पकड कमी होते. ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही, कारण वळणात खडी असते. पाचनंतर गुरं घरी परततात आणि त्यांना घंटीचं काही वाटत नाही. तोंडाने हाक द्यावी, थांबावं, जाऊ द्यावं. दिवे साडेपाचलाच लावावेत, मागचा लाल दिवा तर नक्की. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि अंधारात, एकट्याने, आवाज न करणारी सायकल चालवणं शहाणपणाचं नाही.

शेंडीत पोचलं की पहिलं काम तो कागद असलेल्या माणसाला फोन करण्याचं, चहा त्यानंतर. मग सायकलवर एक नजर टाकायची: पुढच्या टायरला बोट लावून काटे चाचपायचे, साखळी फडक्याने पुसायची, कारण घाटघरची तांबडी धूळ तेलात मिसळली की रात्रभरात तिची चिकट पेस्ट होते. आणि ज्या दिवशी शिडीखालून परत फिरावं लागलं असेल, त्या दिवशी पुढच्या खेपेचा बेत तिथेच लिहून ठेवावा. रात्री मुक्काम रतनवाडीत, पहाटे गड, आणि सायकल दुपारी. पाय तेच, पण मग गडाला ते सकाळचे मिळतात.